बटईनं सिनेमा: लोकांचे पैसे घेऊन छोटा चित्रपट करायचा तर

लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर बसून मी पहिल्यांदा कुणाकडे सिनेमासाठी पैसे मागितले. मालक वडिलांच्या ओळखीचे, आम्ही त्यांना काका म्हणायचो. मी गोष्ट सांगितली, मोबाइलवर लोकेशनचे फोटो दाखवले. काकांनी बशीतला चहा संपवला आणि विचारलं, "हे बटईनं हाय का ठोक्यानं?"

मला उत्तर देता आलं नाही, आणि त्या दिवशी पैसेही मिळाले नाहीत. ठोक्यानं म्हणजे एकरी ठरलेली रक्कम. पाऊस पडो न पडो, मालकाला ती मिळणार. बटईनं म्हणजे पिकलं तर दोघांचं, नाही पिकलं तर दोघांचं नुकसान. सिनेमात पैसा घालणारा माणूस बटईला उतरलेला असतो, पण मागणारा बोलतो ठोक्याची भाषा: "वर्षात दीडपट करून देतो." बहुतेक भांडणांचं मूळ या एका वाक्यात असतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे वाक्य टाळण्यासाठीच आहेत.

पायरी १: बजेट आधी, माणसं नंतर

"साधारण साठ-सत्तर लाख लागतील" हे बजेट नव्हे. पटकथेचा प्रत्येक सीन, किती दिवस, किती माणसं, किती गाड्या असं मांडत गेल्यावरच खरा आकडा येतो. मराठवाड्यात चित्रीकरण स्वस्त पडतं हे अर्धंच खरं आहे. गाव, वाडा, शेत जवळपास फुकट मिळतं. पण कॅमेरा, लाइट, साउंड आणि ते चालवणारी माणसं पुण्या-मुंबईहून येतात. त्यांचा प्रवास, लॉज, दोन वेळचं जेवण आणि जनरेटरचं डिझेल यात स्वस्ताई विरून जाते. कलाकारांचं मात्र तसं नाही. संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या हौशी नाट्यसंस्थांतून तयार झालेली उत्तम मंडळी इथेच सापडतात.

वेळापत्रकही पैशाचंच कोष्टक असतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर गेला की दुपारी बाराच्या पुढे युनिट सावली शोधत बसतं, म्हणजे दिवसाचे पैसे पूर्ण आणि काम अर्धं. आणि बीड-धाराशिवकडच्या गावात गर्दीचा सीन दिवाळीनंतर ठेवलात तर गर्दी कुठून आणणार? अर्धं गाव उसाच्या फडावर गेलेलं असतं. हा धडा आम्ही एक दिवस वाया घालवून शिकलो.

बजेटमधून हमखास सुटणाऱ्या गोष्टी: डबिंग, साउंड मिक्सिंग, डीआय (चित्राचे रंग नीट करणं), थिएटरसाठीची डिजिटल प्रत म्हणजे डीसीपी, सेन्सॉरचं शुल्क, सीए आणि वकिलाची फी, विमा. वर किमान १० टक्के अडीअडचणीसाठी. आणि प्रदर्शनाचा खर्च वेगळ्या पानावर. पोस्टर, जाहिरात, थिएटरला डिजिटल प्रत पोचवण्याचे पैसे यांचा विचार शूटिंग संपल्यावर करणारे निर्माते शेवटी महिना शेकडा तीननं पैसे उचलतात, आणि मग तो सावकार सगळ्यांच्या आधी राशीवर, म्हणजे खळ्यातल्या धान्याच्या ढिगावर, येऊन बसतो.

पायरी २: सिनेमाचा सातबारा

जमीन बटईनं घेताना सातबारा कुणाच्या नावावर आहे हे आपण बघतोच. सिनेमाचा सातबारा म्हणजे कथेचे हक्क. गोष्ट गावातल्या एखाद्या कथाकाराची असेल आणि "घे रे, कर तू" एवढ्यावर काम चाललं असेल, तर गुंतवणूकदाराकडे जायची घाई करू नका. आधी लेखी करार करा. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतो. या दोन ओळी विसरल्यामुळे पुढे ओटीटीचा सौदा अडकू शकतो. पटकथा, संवाद, गीतं, संगीत, प्रत्येकाचा कागद हवा. लेखक, गीतकार आणि संगीतकारांचा थिएटरबाहेरच्या वापरातल्या रॉयल्टीचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीनंतर लिहून घेऊनही काढून घेता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

शीर्षकाची नोंद निर्मात्यांच्या संस्थेत करायची. मराठीसाठी कोल्हापूरचं अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ हा नेहमीचा रस्ता.

पायरी ३: पैसा कोणत्या खात्यात, कोणत्या नात्यानं येणार

इथे घाई केली तर पुढचं सगळं वाकडं जातं, म्हणून जरा थांबून वाचा.

मराठवाड्यात मल्टिस्टेट आणि पतसंस्था बुडाल्याचे घाव ताजे आहेत. लोकांनी मुलीच्या लग्नाचे, निवृत्तीचे पैसे घालवले आहेत. त्यामुळे "ठरलेला परतावा" हा शब्द इथे बदनाम आहे, आणि कायद्यानंही धोक्याचा आहे. परत देण्याचं वचन देऊन लोकांकडून पैसे गोळा करणं म्हणजे ठेव घेणं. २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यात अशी ठेव घेणाऱ्याला २ ते ७ वर्षं कैद आणि वर दंड आहे. महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदारांच्या रक्षणाचा एमपीआयडी कायदा तर मालमत्ता जप्त करण्यापर्यंत जातो. "आम्ही कलाकार, आम्हाला काय माहीत" हे तिथे चालत नाही.

मग पैसे घ्यायचे कसे? छोट्या चित्रपटाला साधारण तीन रस्ते आहेत.

साधी भागीदारी संस्था करायला सोपी, पण तिथे प्रत्येक भागीदाराची जबाबदारी अमर्याद असते. सिनेमाचं कर्ज बुडालं तर डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यापर्यंत वसुली जाऊ शकते. कुणाही शहाण्या माणसाला मी हा रस्ता सांगणार नाही.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत शेअर देता येतात. पण ते खासगी वाटप असतं: वर्षाला जास्तीत जास्त २०० जणांना, नावानिशी प्रस्ताव देऊन, पैसे वेगळ्या बँक खात्यात ठेवून आणि ६० दिवसांत शेअर देऊन. तेवढ्यात दिले नाहीत तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत. जाहिरात करून असे पैसे मागायला सक्त मनाई आहे.

तिसरा रस्ता एलएलपीचा, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचा, आणि दहा-वीस ओळखीच्या माणसांच्या सिनेमाला मला तोच बरा वाटतो. एक सिनेमा, एक एलएलपी. गुंतवणूकदार भागीदार होतात, त्यांचं नुकसान घातलेल्या रकमेपुरतं राहतं, आणि कुणाला किती, कधी हे एलएलपीच्या करारात हवं तसं लिहिता येतं. भागीदारानं भांडवल म्हणून घातलेले पैसे ठेवीच्या कायद्यात येत नाहीत. अर्थात ते खरोखर भांडवलच हवं. मागच्या दारानं "बारा टक्के तर देईनच" असं साध्या कागदावर लिहून दिलंत तर सगळ्यावर पाणी. भांडवल २५ लाखांच्या वर गेलं की ऑडिट सक्तीचं. दरवर्षी ३० मेपर्यंत वार्षिक विवरण आणि ३० ऑक्टोबरपर्यंत हिशेबाचं विवरण भरावं लागतं, सिनेमा डब्यात पडून असला तरी. एलएलपीच्या नफ्यावर ३० टक्के आयकर आणि वर उपकर लागतो. त्यानंतर भागीदाराच्या हातात येणाऱ्या वाट्यावर त्याला पुन्हा कर नाही.

करार कंपनी-कायद्याचं काम करणाऱ्या माणसाकडूनच लिहून घ्या. पहिल्या वेळी मी एका नातेवाइकाच्या दुकानाच्या भागीदारीचा नमुना उचलून "किराणा" खोडून "चित्रपट" केलं होतं. सीएनं तो कागद बघून माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती अजून आठवते.

पायरी ४: कुणाकडे जायचं आणि काय घेऊन जायचं

१९७६ चा 'मंथन' गुजरातच्या दूध उत्पादक संघाच्या ५ लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये देऊन उभा केला, हे उदाहरण प्रत्येक नवा निर्माता देतो. देताना हे विसरतो की त्या शेतकऱ्यांमागे आधीच बांधलेली सहकारी संघटना होती. आज वेबसाइटवर लोकवर्गणी घ्यायची तर ती देणगी म्हणून घ्या, किंवा आगाऊ तिकीट, श्रेयनामावलीत नाव अशा बदल्यात घ्या. नफ्यातला वाटा देतो म्हणून अनोळखी लोकांकडून असे पैसे उचलायला सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेची, मुभा नाही.

गुंतवणुकीसाठी माणसं मोजकी हवीत. इथे ती कोण असतात? लातूर-नांदेडचे डॉक्टर, क्लासवाले, जालन्यातले बियाणं आणि स्टीलमधले उद्योजक, वाळूजला छोटा कारखाना चालवणारे, पुण्यात नोकरीत स्थिरावलेली आपल्याच तालुक्यातली पोरं. मोंढ्यातल्या माणसाकडे सोयाबीनच्या आवकेच्या दिवसांत जाऊ नका. तेव्हा त्याचा पैसाही गुंतलेला असतो आणि डोकंही. मार्चमध्ये डॉक्टरांकडेही नको.

माझा एक नियम आहे: ज्याचे घातलेले सगळे पैसे बुडाले तरी घरातलं काही अडणार नाही, त्याच्याकडूनच घ्यायचे. शेत विकून, सोनं मोडून कुणी पैसे द्यायला आला तर हात जोडायचे. दादासाहेब फाळक्यांनी विमा पॉलिसी गहाण टाकली, पत्नीचे दागिने मोडले, हे खरं आहे. पण ती जोखीम त्यांनी स्वतःच्या घरावर घेतली होती.

फाळक्यांकडून घ्यायची गोष्ट वेगळीच आहे. १९१२ मध्ये भांडवलासाठी लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो कसा उगवतो याचं थोडं थोडं चित्रण करून छोटीशी फिल्म केली. ती पाहून यशवंतराव नाडकर्णींनी पैसे दिले. तेव्हा वीस पानांच्या फाइलीपेक्षा एक सीन चित्रित करून न्या. दोन-तीन मिनिटं पुरे. सोबत चार पानं: गोष्ट, कोण काम करणार, बजेट, आणि पैसे परत येण्याचा हिशेब. या चारपैकी पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहा: "ही रक्कम पूर्णपणे बुडू शकते." आश्चर्य म्हणजे या ओळीमुळे माझं कुणी गुंतवणूकदार गेलं नाही. उलट एका डॉक्टरांनी त्यावर बोट ठेवून म्हटलं, "हे लिहिलंय म्हणून बाकीचं वाचतो."

व्हॉट्सअॅप ग्रुपवर, फेसबुकवर "आमच्या चित्रपटात गुंतवणुकीची संधी" असली पोस्ट टाकू नका. कारण वर आलंच आहे.

पायरी ५: राशीवर वाटणी

आधी कुणाचं, मग कुणाचं, हा क्रम पहिला रुपया यायच्या आत कागदावर हवा.

सुरुवात तिकिटापासून करू. शंभर रुपयांचं तिकीट. सप्टेंबर २०२५ पासून शंभरापर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के, त्यावरच्या तिकिटावर १८. म्हणजे शंभरातले साधारण ९५ उरले. पहिल्या आठवड्यात थिएटरचा वाटा निम्मा धरू, पुढच्या आठवड्यांत तो वाढतच जातो. उरले ४७-४८. वितरकाचं कमिशन १५ टक्के धरलं तर निर्मात्याच्या हातात ४० रुपये. निर्मिती आणि प्रदर्शनाला मिळून समजा ८० लाख लागले, तर ते नुसत्या थिएटरमधून परत यायला २ लाख तिकिटं विकली जायला हवीत. हा आकडा गुंतवणूकदाराला तोंडानं सांगा, त्याला तो स्वतः काढायला लावू नका.

आता वाटणी. समजा निर्मितीला ६६ लाख लागले आणि ते ३ लाखांच्या २२ वाट्यांनी जमले. प्रदर्शनासाठी १४ लाख एकानं वेगळे दिले. दिग्दर्शक आणि छायालेखकानं मिळून ४ लाखांचं मानधन मागे ठेवलं. क्रम असा ठरला: आधी प्रदर्शनाचे १४, मग गुंतवणूकदारांची मुद्दल, मग मागे ठेवलेलं मानधन, आणि त्यानंतर जे उरेल ते निम्मं गुंतवणूकदारांना, निम्मं सिनेमा करणाऱ्यांना.

सगळीकडून मिळून ४० लाख आले तर? १४ गेले, २६ उरले. तीन लाख घालणाऱ्याला सुमारे १ लाख १८ हजार परत. मानधन शून्य, नफा शून्य.

एक कोटी आले तर? १४ गेले, ६६ मुद्दल फिटली, ४ मानधनाचे. उरलेल्या १६ मधले ८ लाख २२ वाट्यांत. तीन लाखांवर साधारण ३६ हजार, तेही आयकर न धरता. सहा टक्क्यांच्या एफडीत दोन वर्षांत ३७ हजार मिळतात. म्हणजे मराठी छोट्या सिनेमानं एक कोटी आणले, गावानं फटाके वाजवले, तरी गुंतवणूकदार एफडीच्या जागीच उभा. हे कोष्टक दाखवल्यावरही जो सोबत राहतो, तोच तुमचा माणूस. काही जण मुद्दलीवर आधी १०-१५ टक्के जास्त मागतात आणि मग उरलेल्याची वाटणी करतात. मागणी रास्त आहे, द्या. फक्त ते आलेल्या उत्पन्नातूनच, असं स्पष्ट लिहा.

करारात आणखी काही ओळी हव्यात. सरकारी अनुदान मिळालं तर ते या राशीत येणार की निर्मात्याचं? रिमेक आणि डबिंगचे हक्क? महाविद्यालयांतल्या, गावोगावच्या खेळांचं उत्पन्न? बजेट वाढलं तर जादा पैसे कोण आणणार आणि त्यामुळे जुन्यांचा वाटा किती कमी होणार? आणि एक नाजूक ओळ: पात्रनिवड, पटकथा आणि संकलन यांचा निर्णय दिग्दर्शकाचा. एका गुंतवणूकदाराच्या चिरंजीवांना "एखादा पोलिसाचा रोल" हवा होता. ओळ आधीच लिहिलेली होती म्हणून मला नुसता कागद पुढे करता आला. चिरंजीव पोस्टरवर नाहीत, पण पहिल्या खेळाला पहिल्या रांगेत होते.

पायरी ६: खातं, पावती, रोकड

सिनेमाचं खातं स्वतंत्र, दोन सह्यांचं. एक सही गुंतवणूकदारांनी निवडलेल्या माणसाची. ठरलेली किमान रक्कम जमेपर्यंत त्यातला पैसा हलवायचा नाही. ठरलेल्या तारखेपर्यंत जमली नाही तर ज्याचे त्याला परत. ६६ लागणार असताना ३० लाखांवर शूटिंग सुरू करणं म्हणजे बियाणं अर्ध्या रानाचं घेऊन सगळं रान नांगरणं.

आमच्याकडे शेतीचा पैसा रोख फिरतो, हा खरा पेच. कर्जाऊ रक्कम २०,००० किंवा जास्त असेल तर ती रोखीत घेता येत नाही, आणि २ लाख किंवा त्याहून जास्त रोकड कोणत्याही कारणानं घेता येत नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी आडतीची पट्टी (माल विकल्याची पावती), बँकेतला भरणा आणि तिथून तुमच्या खात्यात आरटीजीएस असा माग दिसला पाहिजे. देणारा कोण, त्याची ऐपत काय आणि व्यवहार खरा आहे का, हे आयकर खात्याला दाखवता आलं नाही तर ती रक्कम तुमचंच अघोषित उत्पन्न ठरते आणि बराचसा पैसा करातच जातो. प्रत्येकाचा पॅन आणि बँकेचा उतारा पहिल्याच दिवशी फाइलला लावा.

खर्चाच्या बाजूला: एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलंत तर तो खर्च हिशेबात धरला जात नाही. सेटवर रोज संध्याकाळी खर्चाचा ताळा करा, दुसऱ्या दिवशी नाही. व्हाउचरवर सही, सही येत नसेल तर अंगठा, सोबत मोबाइल नंबर. गर्दीतल्या साठ जणांना प्रत्येकी ४०० वाटताना यादी केली नाही, तर ते २४,००० रुपये उरलेल्या आयुष्यात तुमच्या नावावर राहतात. कलाकार-तंत्रज्ञांच्या पैशातून टीडीएस कापा, वेळेत भरा. वर्षात ज्यांना ५०,००० च्या वर दिलेत त्यांचं स्वतंत्र विवरणही निर्मात्याला आयकर खात्याला द्यावं लागतं.

तंत्रज्ञांना उचल देताना ऊसतोडीच्या मुकादमासारखं वागू नका, आणि फसूही नका. काम, दिवस आणि उचल एकाच कागदावर.

पायरी ७: महिन्याचं पत्र

महिन्याला एक पान: किती आले, किती गेले, काय झालं, काय राहिलं. वाईट बातमी पहिल्या परिच्छेदात. अवकाळीनं तीन दिवस गेले आणि सव्वा लाख वाढला, हे त्याच आठवड्यात कळवलं तर लोक म्हणतात, "होतंय, चालतंय." तेच चार महिन्यांनी दुसऱ्याकडून कळलं तर फोन येतो आणि आवाज बदललेला असतो.

पायरी ८: सिनेमा झाला, आता?

सेन्सॉरचं प्रमाणपत्र थिएटरलाच लागतं असं नाही. गावातल्या सार्वजनिक खेळालाही लागतं. महोत्सवांची तिथी शूटिंगआधीच कॅलेंडरवर असावी: जानेवारीत पुणे, संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ महोत्सव, नोव्हेंबरमध्ये गोव्यात इफ्फी आणि त्यासोबत भरणारा फिल्म बाजार, जिथे विकत घेणारे येतात.

अनुदानाबद्दल थोडं कडक बोलतो. दर्जेदार मराठी चित्रपटांना राज्य सरकारचं अनुदान आहे; 'अ' दर्जाला ४० लाख आणि 'ब' दर्जाला ३० लाख ही रचना सगळ्यांना पाठ असते. पण ते परीक्षणानंतर मिळतं, अटी पूर्ण केल्यावर, आणि वेळ घेऊन. ते जमेच्या बाजूला मांडून कुणाकडून पैसे घेऊ नका. आलं तर लक्ष्मी.

अनेक तालुक्यांत आता थिएटरच उरलेलं नाही. म्हणून अंबाजोगाई, उदगीर, वसमत अशा ठिकाणी नाट्यगृहात किंवा महाविद्यालयाच्या सभागृहात तिकीट लावून खेळ करा. खेळाचे पैसे त्याच रात्री खात्यात, आयोजकाच्या खिशात एक रात्रसुद्धा नको.

शेवटची गोष्ट मला फार उशिरा सुचली. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं चालतो, पैसे थेंबथेंब येत राहतात. आमच्या खात्यात चौथ्या वर्षी एका वाहिनीकडून १ लाख ७६ हजार आले. २२ वाट्यांना प्रत्येकी आठ हजार. यादी काढली, तर मोंढ्यातले काका (पुढे त्यांनी एक वाटा घेतला होता, अर्थात बटईनं) वर्षभरापूर्वी गेले होते. करारात वारसाचा रकाना नव्हता. दोन मुलं, एक मुलगी, तिघांची सही आणि वारसाची कागदपत्रं जमवण्यात आठ हजारांसाठी सात महिने गेले. आता माझ्या करारात पहिल्याच पानावर, नाव, पॅन आणि खाते क्रमांकाखाली चौथी ओळ असते: माझ्या माघारी हे कुणाला द्यायचं.